गच्चीवरून ऐकलेल्या रात्रीची नोंद घ्या

प्रति,
खानदेशातल्या संशोधन संस्था, सार्वजनिक वाचनालये आणि विद्यापीठ यांचे विश्वस्त, ग्रंथपाल व अभ्यासक यांस

सप्रेम नमस्कार.

मी मूळची भुसावळची, रेल्वे कॉलनीतली. वडील गार्ड होते. आता जळगावला शाळेत मराठी शिकवते. आपल्यापैकी एका वाचनालयाची मी गेली पंचवीस वर्षं वर्गणीदार आहे, तेव्हा हे पत्र घरच्याच माणसाचं समजून वाचावं.

विषय एका रात्रीचा आहे. १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, एका शनिवारी भुसावळला रेल्वेच्या मैदानावर मुंबईच्या एका रॉक बँडचा कार्यक्रम झाला. पाच पोरांचा बँड, दहा रुपये तिकीट, सतरंज्या आणि बाकडी मिळून सहाएकशे माणूस. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालेलं नाही. फोटो नाही. हँडबिल कुणी जपलं नाही. ऐकणारी माणसं मात्र आहेत, आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसते. एकतीस जणांनी आपापली आठवण सांगितली. ज्याची त्याच्या शब्दांत मी ती वहीत उतरवली. दोनशे पानी दोन वह्या भरल्या आणि तिसरी सुरू आहे.

गेल्या पावसाळ्यात त्या वह्या पिशवीत घालून मी आपल्या भागातल्या एका संस्थेत गेले. तिथल्या गृहस्थांनी बसवून घेतलं, चहा मागवला, पानं उलटली. मग वह्या मिटून माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ताई, कष्ट दिसतात तुमचे. पण ह्या आठवणी झाल्या. साधन कुठंय?"

परत येताना बसमध्ये तोच शब्द डोक्यात होता. साधन. इतिहासाच्या बाबतीत हा शब्द ज्यांनी मराठी माणसाच्या तोंडी बसवला ते वि. का. राजवाडे आपल्या धुळ्यातच वारले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी छापले ते दप्तरखान्यात बसून नव्हे. गावोगाव पायी फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, घरच्यांनी केर समजून बाजूला टाकलेली दप्तरं मागून घेतली. त्या कागदाला साधन म्हणायचं हे आधी कुणीतरी ठरवावं लागलं, आणि ते ठरवणाऱ्या माणसाची शेवटची वर्षं खानदेशात गेली. म्हणून हे गाऱ्हाणं मी मुंबई-पुण्याला न पाठवता आपल्यापुढे मांडते आहे.

आता त्या रात्रीबद्दल सांगते.

आमचं क्वार्टर दुमजली इमारतीत, मैदानाच्या कुंपणाला लागून. मी तेव्हा बारावीला. मैदानात जाऊ का, असं मी घरी विचारलंच नाही. आमच्या ओळीतल्या कुठल्याच मुलीनं विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस विचारत नाही. आम्ही नऊ जणी गच्चीवर गेलो. सोबत शाली, एक घोंगडी आणि कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा. आमच्याकडे उन्हाळ्याचं नाव मोठं, पण डिसेंबरातल्या रात्री भुसावळची थंडीही हाडात शिरते. गच्चीवरून स्टेजची पाठ दिसायची. मंडपवाल्याचा निळा पडदा, त्यावर पुढच्या दिव्यांनी पडलेल्या पाच सावल्या, आणि एका बाजूला जनरेटरचा धूर. गाणाऱ्याचं तोंड आम्हा नऊ जणींपैकी कुणीही पाहिलेलं नाही.

बँडचं सामान दुपारी मुंबईच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून उतरलं होतं. हमालांनी ते हातगाड्यावर लादून मैदानात आणलं. स्वतःचे मोठे स्पीकर त्यांच्याकडे दोनच. सहाशे माणसांना ते पुरणार नाहीत म्हणून मंडपवाल्यानं आपले कर्णे बांबूंवर चढवले, लग्नात आणि गणपतीत लागतात तेच. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिली दोन गाणी गोंगाटातच गेली. मैदानातली पोरं शिट्ट्या मारत होती, कर्णे किंचाळत होते, कुणीतरी "आवाज कमी करा" ओरडत होतं, कुणी "वाढवा". तिसरं गाणं संथ होतं. ते सुरू असताना यार्डात मालगाडी जोडायला घेतली. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. इंजिन पहिल्या डब्याला भिडतं आणि तो धक्का एकेका डब्यातून पार शेवटपर्यंत पळत जातो: धड, धड, धड, धड, दूर जात जात बारीक होत. ड्रम वाजवणारा थांबला. बाकीचेही थांबले असतील, आमचं लक्ष फक्त ड्रमवाल्याच्या सावलीकडे होतं आणि तिचे दोन्ही हात वर धरलेले होते. धक्का शेवटच्या डब्यापर्यंत पोचला, क्षणभर सगळं गप्प झालं, आणि त्यानं तोच ताल मोठ्या ड्रमवर वाजवला, जोरात सुरू करून बारीक करत नेलेला. मैदान उठून उभं राहिलं. यार्डातल्या लोकांना ते कळलं की तो निव्वळ योगायोग होता ते मला माहीत नाही, पण थोड्या वेळानं पुन्हा धक्का आला आणि ड्रमनं पुन्हा जबाब दिला. असं तीनदा झालं.

एकतीसपैकी सव्वीस जणांनी ही गोष्ट मी न विचारता सांगितली. त्यातले एक आजोबा अंमळनेरकडचे, तेव्हा मैदानाच्या दाराशी चहाची गाडी लावून होते. रॉक म्हणजे काय ते त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. अहिराणीत म्हणाले, "माले बठ्ठं याद शे," म्हणजे मला सगळं आठवतं. आणि समोरच्या स्टुलावर हातानं तो ताल वाजवून दाखवला. गोष्ट पस्तीस वर्षं जुनी, त्यांचं वय ऐंशीच्या पुढचं, बोटं थरथरतात, पण ताल बारीक होत जाण्याची जागा नेमकी तीच.

हे साधन नव्हे का?

एकमत इथवरच. पुढे फाटे फुटतात, आणि आपल्या संस्थांना भीती वाटते ती त्याच फाट्यांची. म्हणून तेही उघड मांडते. तारीख २३ डिसेंबर की ३०? दोन्ही शनिवार. नऊ जण पहिली सांगतात, चौदा जण दुसरी. बँडचं नाव काय, यावर चार मतं आहेत आणि चौघंही पैजेला तयार आहेत. कार्यक्रम किती वाजता संपला? कुणी अकरा म्हणतं, कुणी दीड. इथं रेल्वेची माणसं घड्याळ सांगत नाहीत, गाडी सांगतात: अमुक मेल गेली तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं, बाबा ड्यूटीवरून आले तेव्हा पोरं सतरंज्या गोळा करत होती. मध्ये एकदा गिटारची तार तुटली हे सगळे सांगतात. कॉलनीतले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर काका, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, नाचाच्या कार्यक्रमांना वर्षानुवर्षं गिटार वाजवणारे, सायकलवर टांग मारून घरी गेले, हेही सगळे सांगतात. पण त्यांनी तार आणली की आपली गिटारच आणून दिली? आणि ते येईपर्यंत गाणाऱ्यानं काय केलं? एक जण शपथेवर सांगतो की त्यानं मराठी अभंग म्हटला. त्याच्याच शेजारी बसलेला त्याचा सख्खा भाऊ म्हणतो, तो नुसता बोलत होता.

सगळ्यात मोठं भांडण बेस गिटारवरून, म्हणजे खालचे, घुमणारे सूर देणाऱ्या गिटारवरून. मागच्या बाकड्यांवर बसलेले सांगतात की बेस गिटार नव्हतीच, चारच जण वाजवत होते. पुढच्या सतरंजीवरचे सांगतात की बेसनं छातीचा पिंजरा हलत होता. दोन वर्षं मला वाटायचं की कुणाचीतरी आठवण पार चुकलेली आहे. मग आवाजाचं काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, तर तो हसला. "बाई, कर्ण्यातून बेस येतच नाही. कर्णा वरचे सूर लांब फेकतो, खालचे सूर त्याला पेलत नाहीत." म्हणजे मागच्यांना फक्त कर्णे ऐकू येत होते आणि पुढच्यांना बँडचे स्वतःचे स्पीकर. दोघंही खरं सांगत होते. आम्हा गच्चीवरच्या नऊ जणींना तर गाण्याचे शब्द जवळजवळ ऐकूच आले नाहीत, कारण कर्ण्यांची तोंडं पलीकडे होती. आमच्याकडे आले ते ड्रम आणि बेस, कारण खालचे सूर स्पीकरच्या पाठीमागेही पसरतात. आमच्यातली एक अजून सांगते की तिला गाणी आठवत नाहीत, गच्चीच्या कठड्याला टेकलेली पाठ आठवते, तो कठडा आतून गुणगुणत होता.

त्या दिवशी मी वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठं बसला होता ते लिहून काढलं. निम्मी भांडणं तिथंच मिटली. माणसं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होती, पण सगळी मिळून मैदानाचा नकाशा सांगत होती. एखादी टेप असती तर ती स्टेजसमोर एका जागी ठेवलेल्या माइकची असती. गच्चीवरचा आवाज तिच्यात आला नसता.

पण टेप असायला हवी होती, हेही मी तेवढ्याच मनापासून म्हणते. ती नाही याला कारण मी आहे. ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुढे नेणं बरोबर होणार नाही.

गच्चीवर माझ्याजवळ बाबांचा टेपरेकॉर्डर होता. पेटीसारखा, हँडल असलेला, सेलवर चालणारा. आत साठ मिनिटांची एक कॅसेट होती, आणि त्या कॅसेटवर माझी आजी होती. १९८८ च्या श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसली त्या रात्री आजीनं आणि गल्लीतल्या बायकांनी म्हटलेली गाणी. आपल्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी विसर्जन. गाणी अहिराणी, कुठं लिहिलेली नाहीत, आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे येतात. आजीला लिहितावाचता येत नव्हतं. १९८९ च्या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याच्या दिवशी मी ती कॅसेट काढली आणि कर्कटकच्या टोकानं तिच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडल्या. ज्यांनी कॅसेट वापरल्या त्यांना ठाऊक आहे: त्या पट्ट्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही, कुणी चुकूनही त्यावर दुसरं काही भरू शकत नाही.

मालगाडीचं ते प्रकरण झाल्यावर माझा आतेभाऊ मैदानातून धावत गच्चीवर आला. "रेकॉर्ड कर, रेकॉर्ड कर, असं पुन्हा होणार नाही!" मी म्हटलं दुसरी कॅसेट नाही. बाकीच्या कॅसेट बाबांच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली बाबांबरोबर गाडीवर. दुकानं बंद झालेली. त्यानं शेंगांच्या पुडीचा एक तुकडा फाडला, त्याची गोळी केली आणि मोडलेल्या पट्टीच्या भोकात बसवायला हात पुढे केला. तेवढ्यानं काम होतं. भोक बुजलं की बटण पुन्हा दाबलं जातं. मी झाकण उघडून कॅसेट बाहेर काढली आणि शालीच्या आत धरली. तो बघत राहिला. खाली चौथं गाणं सुरू झालं. रेकॉर्डर तसाच झाकण उघडं टाकून कठड्यावर राहिला, संपेपर्यंत.

तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आजही घरात लग्नकार्य असलं की विषय निघतो. तो म्हणतो, कानबाईची गाणी गल्लीतल्या कुणीही पुन्हा म्हटली असती. मी म्हणते, आजीनं म्हटली नसती. आज पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा कॅसेटच काढून घेईन. पण त्या रात्रीचं देणं मी डोक्यावर घेतलं, आणि ह्या वह्या म्हणजे त्या देण्याची फेड आहे.

आता आठवणींतल्या खऱ्या धोक्याबद्दल बोलते, कारण मी आपल्याला फसवू इच्छित नाही. २०२० मध्ये कॉलनीतल्या जुन्या मुलांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. तिथं त्या रात्रीबद्दल भरभरून बोलणं झालं. कुणीतरी लिहिलं की गाणाऱ्याच्या गळ्यात लाल रुमाल होता. पाचसहा जणांनी "हो हो" म्हटलं. वर्षभरानं मी एका मैत्रिणीला त्या रात्रीबद्दल सांगत होते आणि बोलता बोलता म्हणाले, "त्याच्या गळ्यात लाल रुमाल होता." म्हणाले आणि थांबले. मी गच्चीवर होते. मी सावल्या पाहिल्या. लाल रुमाल मला दिसणं शक्यच नव्हतं, पण डोळे मिटले की आजही मला तो दिसतो, लाल, गाठ डाव्या बाजूला.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. माणसाला एकट्याला गाठायचं. ग्रुपवर काय वाचलं ते आधी विचारून बाजूला लिहायचं. पहिला प्रश्न गाण्याचा नाहीच: कुठं बसला होतात, कुणाबरोबर आलात, काय खाल्लं, घरी कसे गेलात. दुसऱ्या कुणाची आठवण त्यांना ऐकवायची नाही, चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. वर तारीख, त्यांचं वय, खाली त्यांची सही. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर तशाच शेजारी शेजारी राहू द्यायच्या. आठवणी एकमेकींत मिसळण्याआधी वेगवेगळ्या लिहून ठेवल्या तरच त्यांचा उपयोग आहे, आणि मिसळण्याचा वेग आता फार वाढला आहे. मला आपल्याला सांगायचं आहे ते एवढंच. घाईचं कारण माणसांचं वय हे तर आहेच, पण फोनही आहे.

कुणी म्हणेल, जे तिथं नव्हते तेही "मी होतो" म्हणतील. म्हणतातच. मँचेस्टरला जून १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स या बँडचा एक लहान कार्यक्रम झाला. श्रोते काही डझन. पुढे बँड गाजल्यावर "आम्ही तिथं होतो" म्हणणारे इतके निघाले की ते सगळे त्या सभागृहात मावले नसते. पण तिथं एक पत्रकार चिकाटीनं एकेकाला शोधत गेला आणि खरे कोण ते बऱ्याच अंशी ठरवता आलं. मलाही असे तिघे भेटले. गाण्यांबद्दल ते छान बोलले. चप्पल कुठं काढली, ते मात्र एकालाही सांगता आलं नाही.

रॉकचा आणि खानदेशाचा काय संबंध, असंही मला त्या संस्थेत विचारलं गेलं. भुसावळ जंक्शन आहे. मुंबईहून नागपूर-कलकत्त्याकडे आणि अलाहाबादकडे जाणारे रस्ते इथं फुटतात. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबं आली, इन्स्टिट्यूट आलं, पियानो आला, गिटार आली. आमच्या कॉलनीत नाताळच्या रात्री बँड वाजायचा तेव्हा पलीकडच्या पेठेत भजन चालू असायचं आणि दोन्हीकडे जाणारी माणसं होती. मुंबईला धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव भरू लागला, १९८८ ला रॉक मशीन या बँडची पहिली कॅसेट आली, ती भुसावळला स्टेशनवरून हातोहात पोचली. त्या पोरांना मुंबईपलीकडे कुणी ऐकत असेल असं वाटत नव्हतं. सहाशे माणूस थंडीत बसून राहिला हे त्यांना तरी कुणी कळवायला हवं होतं.

आणि न मुद्रित झालेल्या सुरांना इतिहासात जागा नाही असं कुठं आहे? थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचं नाही. तरी मराठी माणूस त्यांच्या गाण्याबद्दल बोलतो तो शिष्यांनी आणि श्रोत्यांनी सांगून ठेवलं म्हणून. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला बडी बोल्डन नावाचा कॉर्नेट वाजवणारा होऊन गेला. जॅझच्या अगदी सुरुवातीचा माणूस. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं, १९३१ ला तो तिथंच वारला. त्याच्या वाजवण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज हाती नाही. ज्यांनी ऐकलं त्यांचं सांगणं तेवढं उरलं, आणि तेही एकमेकांशी जुळणारं नाही. त्या शहरातल्या टुलेन विद्यापीठानं १९५८ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून जॅझचा संग्रह सुरू केला तो मुळात म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखतींपासून. "टेप कुठंय" म्हणून त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. मुंबईचंच पाहा. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथं आले, मुंबईच्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी केली, ती २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. त्याच मुक्कामात ते कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये स्टेजवर चढले. ती रात्र मात्र तिथल्या श्रोत्यांच्या तोंडीच राहिली.

एवढं लांब जायचीही गरज नाही. बहिणाबाई असोद्याच्या. जात्यावर, शेतात, स्वयंपाक करताना गाणी जुळायची. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जेवढं टिपून ठेवलं तेवढं उरलं. ती १९५१ ला गेली आणि १९५२ ला ती गाणी पुस्तकात आली. आज आपलं विद्यापीठ तिच्या नावानं आहे. शाळेत दरवर्षी तिची कविता शिकवताना मी मुलांना विचारते, ज्या दिवशी घरात टिपणारं कुणी नव्हतं त्या दिवशीच्या गाण्यांचं काय झालं असेल. वर्ग गप्प होतो. मीही गप्प होते.

कागद शोधायचा प्रयत्न मी केला नाही असंही नाही. तिकीट लावून कार्यक्रम म्हणजे करमणूक शुल्क आलं. १९२३ चा कायदा होता, तिकिटांवर शिक्का मारून घ्यावा लागायचा, म्हणजे कुठंतरी तारीख आणि बँडचं नाव नोंदलं गेलं असणार. संबंधित कार्यालयात तीनदा गेले. मुदत संपलेले कागद केव्हाच नष्ट केल्याचं सांगण्यात आलं. नियमच तसा असेल, मी तक्रार करत नाही. पण सरकारी कागद मुदत संपली म्हणून जाळता येतो आणि माणसाची आठवण कागद नाही म्हणून घेत नाहीत, तर मग त्या रात्रीनं कुणाच्या दारात उभं राहायचं?

माझं मागणं मोठं नाही. आपल्यापैकी कुणाही एका संस्थेनं ह्या वह्या दाखल करून घ्याव्यात, क्रमांक द्यावा, मागेल त्याला वाचायला द्याव्यात. वर स्पष्ट लिहावं की ह्या श्रोत्यांच्या साक्षी आहेत, कार्यक्रमानंतर अमुक वर्षांनी घेतलेल्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही. शिवाय एक कोरा छापील नमुना करावा, चारच प्रश्नांचा, आणि तो खानदेशातल्या प्रत्येक वाचनालयाच्या टेबलावर ठेवावा, म्हणजे हे काम माझ्या एकटीच्या रविवारांवर राहणार नाही. आमच्या रात्रीपुरतं हे मागत नाही. धुळ्या-नंदुरबारच्या लग्नांत वाजलेले ऑर्केस्ट्रे, बैलगाड्या जोडून माणसं पाहायला गेली ते तमाशाचे फड, कानबाईची जागरणं, यातलं किती टेपवर आहे? आज अहिराणी गाणी फोनवर लाखो लोक पाहतात याचा मला आनंद आहे. त्याच्या आधीची पन्नास वर्षं अशीच कानांत राहून गेली.

बायकांकडे आवर्जून जा, ही एक वेगळी विनंती. त्या ग्रुपवर एकशे बारा पुरुष आहेत आणि आम्ही सहा जणी. गच्चीवरच्या नऊ जणींना मी जाईपर्यंत कुणीही काही विचारलेलं नव्हतं. एकीच्या नवऱ्याला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं की बायकोनं तो कार्यक्रम ऐकला होता. तो स्वतः खाली तिसऱ्या सतरंजीवर होता.

आजीची कॅसेट अजून माझ्याजवळ आहे. मध्ये फीत चिकटली होती. जळगावच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ती हातानं सोडवून दुसऱ्या खोक्यात बसवून दिली आणि गाणी पेन ड्राइव्हवर काढली. मूळ खोकं मी टाकलं नाही. पाठीवरच्या एका भोकात शेंगांच्या पुडीचा कागद अडकला आहे, भावानं त्या रात्री एवढा कोपरा बसवला होता हे मला तेव्हा कळलंही नव्हतं. वह्यांबरोबर तेही आपल्याकडे द्यायची माझी तयारी आहे.

एकतीसपैकी चार जण मी लिहून घेतल्यानंतर वारले. ड्रायव्हर काका मात्र भुसावळलाच आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. माझ्या वहीत त्यांचं फक्त दीड पान आहे, कारण मला गिटारमधलं काही कळत नाही आणि ते जे सांगतात ते कुणीतरी वाजवणाऱ्यानं बसून विचारायला हवं. तार की गिटार, ते त्यांनाच माहीत. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसावं लागतं. दुपारनंतर थकतात. सकाळी अकराच्या आत गेलात तर तासभर बोलतात. मी कोणत्याही रविवारी सोबत यायला तयार आहे.

आपली,
रेल्वे कॉलनीच्या गच्चीवरची एक श्रोती